निवृत्तीनंतरचा पत्ता

नांगा तेबालुन, पश्चिम कालिमंतान
१४ जानेवारी १९९४

अस्नी, सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. महिनाभर कुठे हिंडत होतं कोण जाणे, पाकिटाला सुक्या मासळीचा वास येत होता. उत्तर लगेच लिहितोय कारण तुझ्याकडे एक काम आहे. पण आधी थोडी गंमत ऐक.

या वर्षाअखेर मी निवृत्त होतोय. सरकारी कागदावर माझी जन्मतारीख ३१ डिसेंबर आहे, आणि ती कुठून आली हे तुला ठाऊकच आहे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोराला शाळेत घ्यायचे. माझा हात पोचला. गुरुजींनी मला सात वर्षांचा ठरवला आणि वर्षाचा शेवटचा दिवस लिहून मोकळे झाले. आपली आमाक म्हणायची, मी तुला जन्म दिला त्या वर्षी दुरियानच्या झाडांना फळच धरलं नव्हतं. पण पेन्शन कचेरीला दुरियान चालत नाही. तेव्हा मी साठ.

आता निवृत्त कसं व्हायचं हेसुद्धा शिकवतात. तीन दिवस जिल्ह्याच्या गावी बोलावलं होतं. आम्ही चाळीस म्हातारे, बहुतेक शिक्षक, दोन पाटबंधाऱ्यातले कारकून. शिकवणारा सव्वीस वर्षांचा. म्हणाला, "डोळे मिटा आणि सुखी म्हातारपणाचं चित्र बघा." आम्ही मिटले. निम्मे लगेच घोरायला लागले. मग मागूर मासे कसे पाळायचे ते शिकवलं आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एक प्रमाणपत्र आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत माशाची पाच पिल्लं दिली. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर मी सात तास होडीत मांडीवर मासे घेऊन परत आलो. शाळेच्या पिंपात सोडलेत. पोरांनी त्यांना तपासणीसांची नावं ठेवली आहेत.

आता काम. पेन्शनचा अर्ज वर्षभर आधी द्यावा लागतो. त्यात एक रकाना आहे, 'निवृत्तीनंतर राहण्याचा पत्ता'. जो पत्ता लिहाल तिथपर्यंतचं बोटीचं तिकीट सरकार देतं आणि तिथल्याच पोस्टात पेन्शन मिळते. मी तुझा पत्ता लिहिलाय. काहीतरी लिहावंच लागतं ना. हे फक्त कागदावर, मनावर घेऊ नकोस.

आपला नमाजाचा सुराउ अजून उभा आहे का? आपल्याकडे मुलगा मोठा झाला की घरात त्याला खोली नसते, हे मी विसरलेलो नाही. लहानपणी आम्ही सगळी पोरं कुराण शिकून तिथेच चटईवर झोपायचो. बायको गेलेले म्हातारेही तिथेच झोपायचे. सहज विचारतोय.

थकवा येतो अलीकडे. वर्गात उभं राहिलं की पाय भरून येतात. सलमा असती तर तेल लावून दिलं असतं. ती गेली त्याला या पावसाळ्यात चार वर्षं होतील.

तुझा उदा,
जमारिस


कोतो बातुआंग, आगाम
२० फेब्रुवारी १९९४

उदा, सलाम.

पाच मासे पोसायला मिळाले आणि थोरला भाऊ असून तू कुरकुरतोस! बहार वारले तेव्हा पाटबंधारे खात्याने मला, त्यांच्या विधवेला, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते चालत नाही. मासे निदान हलतात तरी.

पत्ता घाल की. त्यात विचारायचं काय? घर आमाकचं, आमाकनंतर माझं, माझ्यानंतर लेकीचं, एल्वीचं, पण दार तर तुझ्यासमोर कोणी लावलेलं नाही. कागदावर घातल्याने भिंती खचत नाहीत. "फक्त कागदावर" हे मात्र तू दोन शब्दांत सांगितलंस ते बरं केलंस, नाहीतर मी उगाच उशा उन्हात घातल्या असत्या.

सुराउ उभा आहे, पण तिथे आता कोणी झोपत नाही. मागच्या वर्षी भोंगा चोरीला गेला, तेव्हापासून रात्रीच्या नमाजानंतर कुलूप लावतात. पोरं घरीच झोपतात, टीव्हीसमोर. म्हातारेही.

घरात मी आणि एल्वी. तीन खोल्या. माझी एक, तिची एक, तिसरीत भाताची पोती आणि जादा गाद्या भरल्यात. एल्वीचं लग्न ठरतंय. मुलगा मुर्साल, बुकित्तिंगीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, हात स्वच्छ, बोलणं कमी. ऑक्टोबरात करायचं म्हणतात. मामा उभा राहिल्याशिवाय भाचीचं लग्न कसं होणार? तू ये. रजा टाक. एवढी वर्षं सरकारला दिलीस, भाचीला आठ दिवस दे.

तुला आठवतं का, तू वर्ग बुडवून नदीवर पोहायला जायचास आणि गुरुजींनी तुझं नाव पुकारलं की मागच्या बाकावरून मी "हजर" म्हणायचे? आवाज जाडा काढायचे. दोघांनाही छड्या बसल्या. मला तुझ्यापेक्षा दोन जास्त.

माझे गुडघे गेलेत. बाजारात बसून भाजी विकते ते उठताना दोन बायकांना धरून उठावं लागतं. म्हातारपणाचं चित्र मला डोळे न मिटताच दिसतं.

अस्नी


नांगा तेबालुन
३० एप्रिल १९९४

अस्नी, सलाम.

एल्वीची बातमी वाचून बरं वाटलं. ऑक्टोबरात मात्र मला निघता येणार नाही. शाळेत आम्ही तीनच शिक्षक, त्यातला एक सतत तापाने पडलेला. शिवाय शेवटच्या वर्षी रजा टाकली की सेवापुस्तकात शेरा येतो आणि शेरा आला की पेन्शनचा कागद अडतो. छत्तीस वर्षांत एकही शेरा नाही. आता शेवटी शेवटी नको.

सोबत वेगळ्या कागदावर माझी संमती लिहून सही केली आहे. आपल्या चुलत भावाला माझ्या जागी उभं कर. मामाची सही आहे म्हटल्यावर मुलाकडचे ऐकतील. एल्वीला सांग, मामाने रजा टाकली नाही, पण एक सबंध रविवार तुझ्यासाठी कागद लिहिण्यात घालवला.

माझी काळजी करू नकोस. इथले लोक म्हणतात, गुरुजी, तुम्ही कुठेही जायचं नाही. नदीकाठी एक तुकडा दाखवलाय, तिथे घर बांधून देतो म्हणतात. बघू. तुझी तिसरी खोली पोत्यांनी भरली आहे हे कळलं. असू दे. भात महत्त्वाचा.

खोट्या हजेरीची आठवण काढलीस. मी आजवर पोरांना गणित चुकलं म्हणून कधी मारलं नाही. फक्त दुसऱ्याच्या नावाला हजर म्हणणाऱ्याला मारलं. म्हणजे छडी अजून तुझ्याच वाटची आहे.

पाचपैकी चार मासे जगले.

तुझा उदा,
जमारिस


कोतो बातुआंग
३ नोव्हेंबर १९९४

उदा, सलाम.

लग्न झालं. चुलत भावाने तुझा कागद मोठ्याने वाचला. "मी, खाली सही करणारा, वधूचा सख्खा मामा" इथपर्यंत आला आणि त्यालाच रडू फुटलं. मुलाकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सगळेच जेवले. दोन म्हशी कापल्या नाहीत, एक कापली. मटणाचं रेंदांग थोडं करपलं. लोकांना चवीचं काही कळत नाही, वाहवा म्हणून गेले.

मुर्साल आता आपल्याकडे राहायला आला. पायातल्या चपला रोज रात्री नीट लावून ठेवतो, पाहुण्यासारखा. नवऱ्यामुलाला आपल्याकडे सहा महिने तरी असंच वाटतं. बहार तर दोन वर्षं पाणीसुद्धा मागून प्यायचे.

नव्या जोडप्याला मी तिसरी खोली दिली. सगळ्यात मोठी तीच. पलंग केला, पडदे लावले. तू नदीकाठी घर बांधतोयस म्हटल्यावर मी फार विचार केला नाही. तुझा पत्ता कागदावर आहे तसा राहू दे, कोणी खोडायला सांगितलेलं नाही.

तिकडचं घर कुठवर आलं? लाकडी करतोयस की विटांचं? छपराला पत्रा घाल, गवत घालू नकोस, तुला गवताने शिंका येतात.

अस्नी


नांगा तेबालुन
१० नोव्हेंबर १९९४

अस्नी, सलाम.

लग्न नीट पार पडलं असेल. तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण मला आता थांबवत नाही म्हणून लिहितो.

शाळेचं दप्तर आवरायला घेतलंय. जुनी हजेरीपुस्तकं काढली. एकाच आडनावाच्या तीन पिढ्या माझ्याच अक्षरात. दोन तास तिथेच खाली बसून राहिलो. मग उठलो आणि पेटारा भरला.

दोन ट्रंका पोंतियानाकहून बोटीने पाडांगला पाठवल्या आहेत. सरकारी खर्चाने सामान न्यायची परवानगी नोव्हेंबरपर्यंतच होती. तुझ्याकडे पोचतील. त्यात पुस्तकं आहेत, उघडू नकोस, किल्ल्या माझ्याजवळ आहेत. कोपऱ्यात ठेव.

आणि असं आहे, अस्नी. मी जानेवारीत यावं म्हणतोय. काही दिवसांसाठी नाही. तिसऱ्या खोलीतली पोती एका बाजूला सरकवता आली तर मला फार जागा लागत नाही. एक खाट, एक टेबल. रिवाजाने मी मागू नये हे कळतं. पण सलमा गेल्यापासून मी संध्याकाळी कोणाशी बोलत नाही, आणि आता सकाळी वर्गही नसणार.

हे लिहायला मला दहा महिने लागले. तेव्हा उत्तर लवकर दे.

तुझा उदा,
जमारिस


कोतो बातुआंग
८ डिसेंबर १९९४

उदा!

आत्ता तुझं पत्र आलं. माझं लग्नाचं पत्र तुला एव्हाना मिळालं असेल आणि तू काय समजून बसला असशील ते मला इथून दिसतंय.

हे आधी का नाही लिहिलंस? जानेवारीत "फक्त कागदावर", एप्रिलात "नदीकाठी घर", आणि आता पडदे लावून झाल्यावर "तिसरी खोली"! नवरीला दिलेली खोली परत मागता येत नाही, अपशकुन असतो, हे तुलाही ठाऊक आहे.

तरी तू ये. माझी खोली घे. मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकेन, चुलीजवळ गुडघ्यांना ऊबही लागेल. मला काही त्रास नाही. ट्रंका आल्या, चार माणसं लागली उचलायला. कोपऱ्यात ठेवल्या.

तिकीट काढ आणि कळव.

अस्नी


नांगा तेबालुन
१२ जानेवारी १९९५

अस्नी, सलाम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. एक ख्रिसमसच्या आधी, एक काल.

नोव्हेंबरात मी जे लिहिलं ते विसर. दप्तर आवरताना माणूस हळवा होतो, तेवढंच. तू माझ्यासाठी स्वयंपाकघरात झोपणार आणि मी आत पलंगावर? गावाने मला काय म्हटलं असतं? मला स्वतःला काय वाटलं असतं? ते होणे नाही.

नदीकाठचं घर झालं. लहान आहे पण चांगलं आहे. पेन्शनचा पत्ताही बदलून घेतोय, म्हणजे सगळं इथेच मिळेल. निरोपसमारंभ झाला. मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तुझ्या घड्याळासारखं नाही, हे चालतं, फक्त पुढे जातं.

नवे शिक्षक आले. बायको आहे, दोन लहान मुली आहेत. शिक्षकांचं सरकारी घर आता त्यांचं. मी आदल्या दिवशीच झाडून पुसून दिलं.

अलीकडे उठायला उशीर होतो. सकाळी पोरं झाडू घेऊन येतात तेव्हाच जाग येते. थंडीने नाही, नुसता कंटाळा. पत्र लिहायला मात्र इथे उजेड चांगला आहे, फळ्याच्या बाजूला मोठी खिडकी आहे.

ट्रंका तशाच राहू दे.

जमारिस


कोतो बातुआंग
५ एप्रिल १९९५

उदा, सलाम.

हे पत्र लांब होणार आहे. बसून वाच. बसायला बाक असतीलच.

तुला माहीत आहे, दर महिन्याच्या चार तारखेला मी बहारांची पेन्शन घ्यायला पोस्टात जाते. सकाळी सातपासून सगळे म्हातारे बाकांवर येऊन बसतात. कोणाला कुठे दुखतं, कोणाचा मुलगा पैसे पाठवत नाही, कोण या महिन्यात दिसला नाही, सगळं तिथे कळतं. साफ्रुद्दिन जाळीमागून एकेक नाव पुकारतो.

फेब्रुवारीत त्याने पुकारलं, "जमारिस, निवृत्त प्राथमिक शिक्षक." कोणी उठलं नाही. मला वाटलं, दुसरा कोणी असेल. तू तर पत्ता बदलून घेतोय म्हणालास. मार्चात ईदमुळे तारीख पुढे गेली, पण नाव पुन्हा आलं. साफ्रुद्दिनने दोनदा पुकारलं, वाट बघितली, पुस्तक बाजूला ठेवलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "गेला असेल बिचारा." मला त्याच्या तोंडात चप्पल मारावीशी वाटली. घरी येऊन मी तुझं जानेवारीचं पत्र पुन्हा काढलं.

मी शाळा तिसरीपर्यंतच शिकले, पण वाचता येतं. ज्याला नदीकाठी स्वतःचं घर आहे तो पोरांच्या झाडूने कसा जागा होतो? आणि घरात फळा कोण लावतं? उदा, तू वर्गात झोपतोस.

मग मी तुझ्या ट्रंका उघडल्या. किल्ली तुझ्याजवळ असेल, हातोडी माझ्याजवळ होती. पुस्तकं तीन निघाली. बाकी तुझा जाडा कोट, इथल्या थंडीचा. उशी. एनॅमलचं ताट, एकच. आमाकने विणलेली चटई, जी तू सुराउमधून जाताना घेऊन गेला होतास. सलमाचा अडकित्ता. आणि अगदी तळाशी, उत्तरपत्रिकेच्या चौकटीच्या कागदावर पट्टीने आखलेला आपल्या मागच्या पडवीचा नकाशा. फळीची भिंत कुठे, खाट कुठे, टेबल कुठे, खिडकी सुराउच्या बाजूला. खाली तारीख होती, १३ जानेवारी १९९४. म्हणजे मला "फक्त कागदावर" लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशीची.

मी त्या ट्रंकेसमोर बसून रडले. एल्वी धावत आली, तिला वाटलं कोणी मेलं.

आता माझंही ऐक. तुझं ते पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी तिसरी खोली रिकामी केली होती. पोती चुलत भावाकडे नेऊन टाकली. आठ महिने ती खोली मी रोज झाडली. आणि तुला लिहिलं की पोत्यांनी भरली आहे. कारण आमाक शिकवून गेली की बहिणीने भावाला "ये, मी तुला जागा देते" असं म्हणू नये, पुरुषाला ते मिंधेपणाचं वाटतं. त्याने आपणहून म्हणावं आणि मग आपण म्हणावं, यात काय विचारायचं. मी तू म्हणायची वाट बघत बसले. तू मी म्हणायची वाट बघत बसलास. आणि मध्ये एवढा समुद्र.

तुझा नकाशा मी एल्वीच्या हातात दिला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आई, नवरीची खोली परत घेता येत नाही, कबूल. पण पडवी ही खोली कुठे आहे? मग रिवाज तिच्याबद्दल काय म्हणणार?" मी म्हटलं, "काहीच नाही." मुर्सालने दुसऱ्याच दिवशी गाडीतून फळ्या आणल्या. तो या घरात सहा महिने पाहुण्यासारखा वावरत होता, ठोकाठोकी सुरू केल्यापासून कुठेही चपला टाकतो. पडवी तुझ्या नकाशापेक्षा दोन हात लांब निघाली, बहारांनी मागाहून वाढवली होती ते तुला ठाऊक नव्हतं. ते दोन हात तसेच ठेवलेत. मासे ठेवायचे असतील तर ठेव.

काल पुन्हा चार तारीख होती. मी माझे पैसे घेऊन बाकावर बसून राहिले. साफ्रुद्दिनने पुकारलं, "जमारिस, निवृत्त प्राथमिक शिक्षक." मी उभी राहिले. कोणालाही न धरता उभी राहिले. आणि म्हटलं, "हजर!"

सगळं पोस्ट हसायला लागलं. एक म्हातारा म्हणाला, "अस्नी, तुला मिशा कधी फुटल्या?" साफ्रुद्दिन म्हणाला, "ताई, ज्याचं पुस्तक त्यानेच यावं लागतं." मी म्हटलं, "पैसे नकोत मला. पुस्तक नुसतं दाखव." त्याने जाळीतून दाखवलं. तुझा फोटो, कान अजून तसेच. आणि खाली पत्ता माझ्या घराचा. खोडलेला नाही, बदललेला नाही.

मे महिन्यात परत नाव येईल. मी परत हजर म्हणेन. दर महिन्याला म्हणेन, गाव हसलं तर हसू दे. तुला लाज वाटत असेल तर ये आणि मला गप्प कर.

अस्नी


नांगा तेबालुन
२ मे १९९५

अस्नी, सलाम.

पत्र वर्गात बसूनच वाचलं. खरं आहे. तिसरीच्या वर्गात मी दोन बाक जोडून झोपतो. नव्या शिक्षकांना माहीत आहे, ते बघून न बघितल्यासारखं करतात. त्यांची बायको रोज संध्याकाळी भात आणि तळलेला मासा झाकून ठेवते आणि म्हणते, "जास्त झाला होता." पोरांनाही माहीत आहे. सकाळी झाडायला येतात ते आधी माझ्या बाकाभोवतीचा भाग सोडून झाडतात, हळूच. घर असं कोणी बांधलेलं नाही. तुकडा दाखवला होता, तो दरवर्षी पुरात जातो.

पत्ता बदलायचा फॉर्म मी तीनदा आणला. त्यावर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहावी लागते, की मी मूळ गावी राहायला जाणार नाही, आणि खाली सही. पेन उघडून बसायचो. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पण ती ओळ माझ्याकडून लिहिली गेली नाही. तिन्ही फॉर्म कोरेच आहेत.

सरकारी तिकिटाची मुदत जूनपर्यंत आहे. परवा होडीने खाली जातो, बारा तारखेला पोंतियानाकहून बोट. हे पत्र आधी पोचतं की मी, बघू. मासे तीन उरले होते, मोठे झाले होते. पोरांना घेऊन नदीत सोडले. तपासणीस पोहत गेले, मागे वळून बघितलं नाही.

मुर्सालला सांग, खिडकीची कडी आतून लाव. एल्वीला सांग, मामा येतोय, आणि या वेळी सहीचा कागद आणणार नाही.

जूनच्या चार तारखेला रविवार आहे, म्हणजे पाचला. साफ्रुद्दिनला सांगून ठेव की माझं नाव जरा मोठ्याने पुकार, उजव्या कानाने कमी ऐकू येतं, तोच कान जो शाळेत जाण्यासाठी धरला होता. आणि तू माझ्या शेजारी बाकावर बस, पण तोंड मिटून. दुसऱ्याच्या नावाला हजर म्हणणाऱ्याला मी आजही छडी मारतो.

माझी हजेरी मी देईन.

तुझा उदा,
जमारिस